रेडिएटरचा होज बाहेरून ठणठणीत दिसतो, तरी तो का बदलावा?

जुनी गाडी वापरणाऱ्यांना सर्व्हिसिंगच्या वेळी मिळणारा एक सल्ला हमखास बुचकळ्यात टाकतो. मेकॅनिक म्हणतो, ‘रेडिएटरचे होज बदलून घ्या.’ होज म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणारी रबरी नळी. मालक बॉनेट उघडून पाहतो, तर होज काळाभोर आणि अखंड आहे, त्यावर कुठे चीर नाही आणि गाडीखाली एक थेंबही सांडलेला नाही. अशा वेळी नको असलेला खर्च आपल्या गळ्यात मारला जात आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे आणि कधी कधी ते खरेही असते. मात्र होज हा गाडीतील अशा थोड्या भागांपैकी एक आहे, जे आधी आतून खराब होतात आणि बाहेरून अगदी शेवटी तसे दिसू लागतात. त्यामुळे त्याची पारख करताना नजरेपेक्षा बोटांवर आणि त्याच्या वयावर अधिक विसंबावे लागते. ही पारख कशी करायची आणि होज बदलायचाच ठरला तर काय सांभाळायचे, ते या लेखात पाहू.

## रबराचीच नळी का?

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे बाहेर जाते आणि उरलेली बहुतेक इंजिनाच्या धातूत मुरते. धातूत मुरलेली ही उष्णता सतत बाहेर काढण्याचे काम कूलंट करतो. पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि धातूला गंज लागू नये म्हणून घातलेली काही रसायने यांच्या मिश्रणाला कूलंट म्हणतात. वॉटर पंप हा द्रव इंजिनातील पोकळ्यांमधून फिरवतो. तिथे तापलेला द्रव बहुतेक गाड्यांत वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये येतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये वाऱ्याने निवतो आणि खालच्या होजमधून पुन्हा पंपाकडे ओढला जातो. इंजिन गार असते तोवर थर्मोस्टॅट नावाची, मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप रेडिएटरकडची वाट बंद ठेवते. बहुतेक गाड्यांत ती ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागते.

चालू इंजिन थरथरते आणि वेग वाढवताना किंवा कमी करताना आपल्या रबरी माउंटिंगवर थोडे झुकतेही. रेडिएटर मात्र गाडीच्या सांगाड्याला जखडलेला असतो. या दोघांना धातूच्या नळीने थेट जोडले, तर रोजच्या हिसक्यांनी सांधे तडकतील, म्हणून मधला दुवा रबराचा असतो. या रबराच्या दोन थरांमध्ये विणलेल्या धाग्यांची जाळी असते. द्रवाला अडवण्याचे काम रबर करते, पण आतील दाब झेलते ती ही जाळी. पुढचे बरेचसे समजण्यासाठी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

दोन मोठ्या होजखेरीज केबिनच्या हीटरकडे जाणारे दोन बारीक होज असतात आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना द्रव फिरता ठेवणारा एक आखूड बायपास होजही असतो. हे छोटे होज अडचणीच्या जागी असल्यामुळे वर्षानुवर्षे कुणी त्यांना हात लावत नाही. पण त्यांतला एक जरी फुटला, तरी कूलंट तितक्याच खात्रीने संपतो.

## आत दाब असतो, म्हणून प्रश्न गंभीर होतो

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते, तर प्रेशर कुकरमध्ये तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. गाडीची कूलिंग सिस्टीम याच तत्त्वावर चालते आणि कुकरच्या शिटीचे काम इथे रेडिएटरचे झाकण करते. बहुतेक गाड्यांत हे झाकण सुमारे १ बारपर्यंत, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो वजनाइतका, दाब आत धरून ठेवते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असलेला कूलंट एवढ्या दाबाखाली १२५ अंश ओलांडेपर्यंत उकळत नाही, त्यामुळे १०० अंशांच्या आसपास चालणाऱ्या इंजिनाला पुरेशी मोकळीक मिळते.

होज फुटतो तेव्हा ही मोकळीकच नाहीशी होते. द्रव बाहेर जातो हे तर दिसतेच, पण दाब सुटल्यामुळे आत उरलेल्या द्रवाचा उत्कलनबिंदूही एकदम खाली येतो आणि इंजिनाच्या सर्वांत तापलेल्या जागी द्रवाऐवजी वाफ जमू लागते. वाफ धातूतील उष्णता द्रवाच्या मानाने फारच थोडी उचलते. म्हणून लहानशी चीरसुद्धा काही मिनिटांत मोठे संकट बनते. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, हेड आणि इंजिन यांमधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर, म्हणजे हेड गॅस्केट, उडते, आणि दुर्लक्ष करून गाडी तशीच रेटली तर इंजिन सीझ होते, म्हणजे आतून जाम होते. नव्या होजची किंमत आणि इंजिन उघडण्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, याचे कारणही हेच आहे. दाब सुटताच आतील द्रवाचा काही भाग क्षणार्धात वाफ होऊन उसळतो आणि चेहरा व हात गंभीर भाजतात.

## होज आतून कसा खराब होतो?

आजचे बहुतेक होज ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. हे रबर उष्णता आणि कूलंट दोन्ही चांगले सोसते, तरी वर्षानुवर्षे तापून आणि निवून त्याचा लवचीकपणा कमी होत जातो. इंजिन ऑइल आणि ग्रीस हे तर त्याचे वैरीच आहेत. व्हॉल्व्ह कव्हरमधून पाझरणारे ऑइल होजवर सतत ठिबकत राहिले, तर तिथले रबर फुगते आणि लिबलिबीत होते. पंख्याच्या आवरणाला किंवा एखाद्या कंसाला होज घासत असेल, तर त्या जागी तो पातळ होतो. हे सगळे दोष डोळ्यांना दिसतात, त्यामुळे त्यांची मला फारशी चिंता वाटत नाही.

चिंता करावी अशी झीज वेगळी आहे आणि तिला विद्युत-रासायनिक झीज म्हणतात. रबर मजबूत व्हावे म्हणून त्यात कार्बनची काजळी मिसळलेली असते आणि तिच्यामुळे रबर किंचित विद्युतवाहक बनते. एका बाजूला इंजिनाचा धातू, दुसऱ्या बाजूला रेडिएटरचा धातू आणि मध्ये क्षार व रसायने असलेला द्रव, अशी मांडणी झाली की एक अत्यंत क्षीण बॅटरी आपोआप तयार होते. तिचा सूक्ष्म प्रवाह होजच्या आतल्या थरात लांबीच्या दिशेने बारीक भेगा पाडत जातो. कूलंट या भेगांमधून झिरपून धाग्यांच्या जाळीपर्यंत पोहोचतो, उष्णतेच्या जोडीने ते धागे कमजोर करतो, आणि दाब झेलणारी जाळीच तुटली की बाहेरचा थर एकटा फार काळ टिकाव धरू शकत नाही. तोवर बाहेरून होज अगदी नव्यासारखा दिसत असू शकतो.

ही झीज सर्वाधिक होते ती होजच्या टोकांजवळ, म्हणजे जिथे तो धातूच्या तोटीवर चढवलेला असतो तिथून साधारण पाच सेंटिमीटरच्या आत. जास्त तापणारा वरचा होज, बायपास होज आणि हीटरचे होज तिला लवकर बळी पडतात. कूलंट जुना होऊन त्यातील गंजरोधक रसायने संपली असतील, तर तिचा वेग वाढतो. याचाच अर्थ असा, की कूलंट वेळेवर बदलणे हे होजचे आयुष्य वाढवणारेही काम आहे.

## बोटांनी तपासणी

तपासणी गार इंजिनावरच करावी. शक्यतो रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी करावी. होज संपूर्ण मुठीत धरून दाबण्याची सवय अनेकांना असते, पण तिच्यातून फारसे काही कळत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत होज धरावा, आधी क्लॅम्पच्या, म्हणजे होज तोटीवर आवळून धरणाऱ्या पट्टीच्या, अगदी जवळ दाबावा आणि मग मधोमध दाबावा. दोन्ही जागी हाताला सारखाच घट्टपणा लागला पाहिजे. टोकांजवळ तो मधल्या भागापेक्षा मऊ, पोकळ किंवा कणकेसारखा वाटला, किंवा चिमटीखाली आतल्या बाजूला खाचा सरकल्यासारख्या जाणवल्या, तर आतला थर फाटू लागला आहे असे समजावे. दाबताना कुरकुर आवाज आला किंवा होज लाकडासारखा टणक लागून दबेनाच, तर उष्णतेने तो कडक झाला आहे. असा होज थरथर सोसू शकत नाही आणि एके दिवशी तडकतो.

होज हळूच वाकवून बाहेरच्या वळणावर बारीक चिरा उघडतात का, तेही पाहावे. क्लॅम्पच्या कडेला पांढरा, हिरवट किंवा गुलाबी वाळलेला थर दिसला, तर तिथून कूलंट झिरपून सुकतो आहे. अशी गळती जमिनीवर थेंब पाडत नाही, कारण तापलेल्या भागावर ती लगेच वाळून जाते. गाडी बंद केल्यावर येणारा गोडसर वास हीदेखील तिचीच खूण आहे. एखाद्या ठिकाणी होज फुगीर दिसला, तर जाळी तुटल्याचा तो उघड पुरावा आहे. मग आणखी तपासणी करत बसू नये. तो होज बदलेपर्यंत गाडी लांब नेऊ नये.

खालच्या होजची गोष्ट थोडी निराळी आहे. पंप त्यातून द्रव ओढून घेतो, त्यामुळे हा होज मऊ पडला असेल तर इंजिनाचा वेग वाढताच तो आत चेपतो आणि द्रवाची वाट अडते. तसे होऊ नये म्हणून अनेक जुन्या गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग घातलेली असते, आणि ती गंजून तुटलेलीही असू शकते. गाडी गावात व्यवस्थित चालते, पण मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते, अशी तक्रार असेल तर या होजकडे आवर्जून पाहावे.

दोन लक्षणांचा दोष मात्र होजच्या माथी मारू नये. गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला, तर बहुधा झाकणातील उलटी झडप अडकलेली असते. निवताना आकसणाऱ्या द्रवाची जागा भरायला साठवण टाकीतून कूलंट परत येत नाही आणि आत निर्वात तयार होतो. दुसरे लक्षण अधिक गंभीर आहे. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच, द्रव तापण्याच्या आधीच, वरचा होज टणक होऊ लागला तर ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता असते, म्हणजे हेड गॅस्केट तपासायला हवे. गाडी पूर्ण तापल्यावर होज टणक लागणे मात्र अगदी स्वाभाविक आहे.

## ‘गळायला लागला की बदलू’

हा सर्वांत सामान्य आक्षेप आहे आणि इतर अनेक भागांच्या बाबतीत तो रास्तही आहे. वायपर खराब झाला की बदलता येतो, दिवा गेला की बदलता येतो. होजची अडचण अशी, की आतून कुजलेला होज दरवेळी आधी झिरपून इशारा देतोच असे नाही. दाब सर्वाधिक असतो तेव्हाच तो फुटतो, म्हणजे चढावर, भर उन्हात, गाडी पूर्ण भरलेली असताना.

तापमानाचा काटा सांगेलच, हा भरवसाही अपुरा आहे. काट्याचा सेन्सर द्रवात बुडालेला असतो तोवरच तो खरे सांगतो. कूलंट वेगाने वाहून गेला आणि सेन्सरभोवती वाफ किंवा हवा उरली, तर काटा वर जाण्याऐवजी चक्क खाली येऊ शकतो. हीटर चालू असताना त्यातून अचानक गार हवा येऊ लागणे आणि काटा विचित्र हलणे, या दोन्ही गोष्टी कूलंट संपत आल्याच्या खुणा आहेत आणि तेव्हा गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

कूलंटऐवजी साधे पाणी घातले तर काय बिघडते, असेही विचारले जाते. अडीअडचणीला पाणी घालून घर गाठणे वेगळे. मात्र नळाच्या पाण्यातील क्षार रेडिएटरमध्ये साचतात, पाण्यात गंजरोधक काहीच नसते आणि आत धातू गंजू लागला की तोट्यांवर खडबडीत थर बसतो. मग नवा होजही तिथे नीट बसत नाही.

मग बदलायचा तरी कधी? साधारण चार-पाच वर्षे हा सर्वमान्य अंदाज आहे आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तो पाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटचा होज कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो वयस्कर आहे असेच धरून चालावे.

## कोणता होज आणि कोणता क्लॅम्प?

शक्यतो त्याच मॉडेलसाठी साच्यात घडवलेला होज घ्यावा. कुठेही बसणारे, एकॉर्डियनसारखे चुण्या असलेले होज वेळ मारून नेण्यापुरते ठीक असतात. पण वळणावर ताण देऊन बसवल्यामुळे तोट्यांवर सतत ओढ राहते. जुन्या मॉडेलचा ‘न वापरलेला’ होज मिळाला, तर तो किती वर्षे पडून होता हे विचारावे, कारण रबर डब्यातसुद्धा म्हातारे होते. मूळ खालच्या होजमध्ये स्प्रिंग असेल, तर नव्यातही ती असावी किंवा तो स्प्रिंगशिवाय चेपणार नाही इतक्या मजबूत घडणीचा असावा.

सिलिकॉनचे होज अधिक उष्णता सोसतात आणि त्यांत वर सांगितलेली विद्युत-रासायनिक झीज होत नाही. पण ऑइल त्यांनाही मानवत नाही आणि ते मऊ असल्यामुळे खाचा असलेला साधा स्क्रूचा क्लॅम्प त्यांत रुततो. रोजच्या वापराच्या गाडीला चांगल्या ईपीडीएम होजपेक्षा अधिक कशाची गरज नाही.

स्क्रूचा क्लॅम्प सोपा आणि भक्कम असतो, पण तो ज्या मापाला आवळला त्याच मापावर राहतो. रबर दबून बसले की तो सैल पडतो. स्प्रिंगचा क्लॅम्प रबराच्या आकुंचन-प्रसरणाबरोबर स्वतःहून जुळवून घेतो, म्हणून गाडीला मुळात तो असेल तर तोच ठेवणे उत्तम.

## बदलताना

इंजिन पूर्ण गार असावे. अनेक गाड्यांचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून बॅटरीची ऋण वायर काढून ठेवावी. गाडी उचलायची असेल, तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली जाऊ नये, स्टँड लावावेत. झाकण काढून रेडिएटरच्या तळाच्या नळातून, नळ नसेल तर खालचा होज सोडवून, कूलंट एका रुंद भांड्यात काढावा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असते. कुत्री, मांजरे आणि लहान मुले त्याकडे आकर्षित होऊ शकतात, म्हणून भांडे क्षणभरही उघडे सोडू नये, सांडलेला द्रव लगेच पुसून धुवावा आणि जुना कूलंट गटारात किंवा मातीत न ओतता बंद डब्यात भरून वर्कशॉपकडे सोपवावा.

क्लॅम्प मागे सरकवल्यावर होज हातानेच, हळूहळू पिळत सोडवावा. या टप्प्यावर घाई सर्वांत महाग पडते. पुष्कळ रेडिएटरच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात आणि जुने झालेले प्लास्टिक ठिसूळ होते. होज हिसकला किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटला, तर तोटीच मोडून हातात येते आणि होजच्या कामाचे रेडिएटरच्या कामात रूपांतर होते. होज चिकटून बसला असेल, तर तो तोटीपासून थोड्या अंतरावर कापावा आणि उरलेला तुकडा लांबीच्या दिशेने अलगद चिरून सोलून काढावा. पात्याचा ओरखडा तोटीवर उमटता कामा नये.

धातूची तोटी बारीक पॉलिश पेपरने साफ करून पुसावी. प्लास्टिकची असेल तर फक्त ओल्या फडक्याने पुसावी. नवा होज सहज सरकावा म्हणून आतून कूलंटने ओला करावा. ग्रीस किंवा ऑइल अजिबात लावू नये. क्लॅम्प आधी होजवर ओवून घ्यावा, होज पूर्ण चढवावा आणि मग क्लॅम्प तोटीच्या उंचवट्याच्या पलीकडे, इंजिनाच्या किंवा रेडिएटरच्या बाजूला बसवावा. उंचवट्यावरच बसवलेला क्लॅम्प हमखास घसरतो. स्क्रू इतकाच आवळावा की रबर क्लॅम्पच्या कडांतून किंचित फुगून दिसेल. जीव खाऊन आवळल्यास रबर कापले जाते. होज पिळलेला नाही आणि बेल्ट, पंखा व एक्झॉस्ट यांपासून दूर आहे, याची खात्री करावी.

## हवा बाहेर काढणे

होज बदलल्यानंतर गाडी तापली, अशी तक्रार येते तेव्हा आत अडकलेली हवा हे त्यामागचे नेहमीचे कारण असते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचा कूलंट घ्यावा. नुसत्या रंगावरून निवडू नये, कारण रंगाचा आणि रसायनाचा ठरलेला संबंध नसतो. तीव्र स्वरूपातला कूलंट असेल, तर तो डिमिनरलाइज्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून सावकाश भरावा. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो उघडा ठेवावा आणि त्यातून अखंड धार आली की बंद करावा. बॅटरीची वायर पुन्हा जोडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन आयडलिंगवर चालवावे, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी आणि मग झाकण लावावे. काही गाड्यांची रीत वेगळी असते, तिथे पुस्तिकेचेच ऐकावे. वरचा होज अचानक गरम झाला, की थर्मोस्टॅट उघडला असे समजावे.

एक छोटी फेरी मारून गाडी पूर्ण निवू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा पाहावी. ती थोडी उतरलेली असतेच. स्क्रूचे क्लॅम्प दोन-चार फेऱ्यांनंतर, गार इंजिनावर, पुन्हा एकदा हलके आवळावेत. काढलेला जुना होज टाकून देण्याआधी टोकांपासून उभा चिरून आतून पाहावा. आतला थर गुळगुळीत असेल, तर बदलण्याची वेळ योग्य साधली. पण टोकांजवळ लांबट भेगा दिसल्या, तर त्याच वयाचे हीटरचे आणि बायपासचे होजही त्याच अवस्थेत आहेत असे धरून तेही लगेच बदलून घ्यावेत.